वालेन्सियात शिकायला जाताय? रोजची स्वस्त सुखं कोणती आणि ती नेमकी कधी गाठायची?

अडकित्ता

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरपासून स्पेनमधल्या वालेन्सियात दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. कॉलेज पॉलिटेक्निकच्या व्हेरा कॅम्पसवर, खोली बहुतेक बेनिमाक्लेट भागात. व्हिसा, विमा, भाडेकरार यांची माहिती मिळाली आहे. फायास उत्सवातले पुतळे आणि टोमॅटोची मारामारी यांबद्दलही सगळीकडे वाचायला मिळतं.

मला हवंय ते साधं आहे. मंगळवारी सकाळी लेक्चरच्या मधल्या वेळात काय खावं, बाजारात कसं बोलावं, संध्याकाळी कुठे बसावं, घरी काय करून प्यावं. खिशाला परवडणारं आणि आठवड्यातून तीनदा करता येईल असं. मी मासे खातो, बरोबरची मैत्रीण पूर्ण शाकाहारी आहे. कृपया नेमकं सांगा: वेळ, प्रमाण, काय मागायचं, कुठे फसायला होतं.

बेनिमाक्लेटकर

सुरुवात घड्याळापासून करा. या शहरातली बहुतेक सुखं स्वस्त आहेत, पण ती ठरलेल्या वेळीच मिळतात. तासभर उशीर झाला की तेच दुकान बंद दिसतं.

‘आल्मुएर्सो’ हा शब्द पाठ करा. स्पेनमध्ये इतर बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ दुपारचं जेवण, वालेन्सियात मात्र सकाळी नऊ ते अकराच्या मधलं खाणं. लाडाने त्याला एस्मोर्सारेत म्हणतात. वर्गातलं कुणी ‘आल्मुएर्सोला भेटू’ म्हणालं तर दहाला पोचा, दोनला नव्हे. दुपारच्या जेवणाला इथे ‘कोमीदा’ म्हणतात आणि ते दोनच्या पुढे.

त्याची रीत ठरलेली आहे. बसलात की आधी टेबलावर शेंगा, ऑलिव्ह, कधी लोणच्यातल्या मिरच्या येतात. याला ‘गास्तो’ किंवा ‘पिकाएता’ म्हणतात. शेंगा सालासकट भाजलेल्या असतात, टरफलं टेबलावरच ठेवायची. मग बोकादियो, म्हणजे लांब पावात भरलेलं काहीतरी. त्याबरोबर एक पेय आणि शेवटी कॉफी. बहुतेक ठिकाणी या सगळ्याचा मिळून एकच भाव असतो, तो फळ्यावर लिहिलेला दिसतो. पाव मोठा असतो. पहिल्यांदा ‘मेदियो’ म्हणजे अर्धाच मागा, नाहीतर दुपारचं जेवण जात नाही.

काय मागायचं:

शाकाहारी व्यक्तीने ‘तोर्तिया दे पातातास’, म्हणजे अंडी आणि बटाट्याचं जाड आम्लेट. अंडं चालत नसेल तर वांगी-मिरच्या भाजून भरलेला पाव मागावा, पण तो सगळीकडे नसतो. ‘ब्लांको इ नेग्रो’ म्हणजे डुकराचे दोन प्रकारचे सॉसेज, ‘ब्रास्कादा’मध्ये गोमांस आणि हॅम, ‘आल्मुसाफेस’मध्ये चीज-कांद्याबरोबर सोब्रासादा नावाचं डुकराचं मऊ सॉसेज. नावावरून यातलं काहीच कळत नाही, म्हणून ही तीन नावं लक्षात ठेवा.

शेवटची कॉफी हा या खाण्याचा कळस. ‘क्रेमाएत’ म्हणजे रम, साखर, लिंबाची साल, दालचिनी आणि कॉफीचे चार दाणे गरम करून पेटवायचे, साखर विरघळेपर्यंत जळू द्यायचं आणि वरून सावकाश कडक कॉफी सोडायची. नीट केलेलं असेल तर काचेच्या पेल्यात थर वेगळे दिसतात. पेटवलं तरी सगळी दारू जळून जात नाही, त्यामुळे पुढे परीक्षा असेल किंवा पीतच नसाल तर ‘काफे देल तिएम्पो’ मागा. यात गरम कॉफी एका कपात येते आणि बर्फ व लिंबाची चकती दुसऱ्या पेल्यात. साखर आधी गरम कॉफीत पूर्ण ढवळा, मग ती एका दमात बर्फावर ओता. उलटं केलंत तर साखर तळाशी तशीच बसते. कॉफीत लिंबू ऐकून तोंड वाकडं होतं, पण जुलैच्या उकाड्यात दुसरं काही प्यावंसं वाटत नाही.

अडकित्ता

धन्यवाद, ही माहिती कुठेच मिळाली नव्हती. एक विचारतो, ‘मांस नको’ एवढं सांगितलं तर मैत्रिणीचं काम भागेल का?

शिनाणे

नाही भागणार. ‘सिन कार्ने’ म्हटल्यावर समोरचा माणूस अगदी प्रामाणिकपणे ट्यूना किंवा हॅमचे तुकडे घातलेलं ताट आणून ठेवतो, कारण बोलीत ‘कार्ने’ म्हणजे मांसाचा मोठा तुकडा. तिने म्हणावं, ‘नी कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन, नी आतून’. मांस नको, मासे नकोत, हॅम नको, ट्यूना नको. हे चार शब्द रोज लागतील.

नेहमीचे सापळे: मिक्स सॅलडवर ट्यूना असतोच. मसुराच्या उसळीत, म्हणजे ‘लेन्तेखास’मध्ये चोरिसो, म्हणजे डुकराचं सॉसेज असतं. क्रोकेतास, म्हणजे तळलेले छोटे गोळे, बहुतेक हॅमचे. ‘एस्गारायेत’ दिसायला भाजलेल्या लाल मिरच्यांचं, पण त्यात खारवलेला कॉड मासा. एन्साइमादा हा गोड पाव डुकराच्या चरबीत करतात. बिनधास्त खाण्यासारखं म्हणजे ‘पिस्तो’ (वांगी, मिरच्या, टोमॅटो यांची मऊ शिजवलेली भाजी), ‘एस्कालिवादा’ (भाजलेली वांगी-मिरच्या) आणि ब्रावास (तिखट सॉस घातलेले तळलेले बटाटे).

आता बाजार, कारण माझ्या मते या शहरातलं खरं सुख तिथे आहे. मेर्कादो सेन्त्राल 1928 साली उघडलं. लोखंड, काच आणि रंगीत फरशांची इमारत, वर घुमट. सोमवार ते शनिवार सकाळी भरतं, दुपारी तीनच्या सुमाराला आवरतं, रविवारी बंद. शनिवारी गर्दीत नुसतं ढकललं जायला होतं, मंगळवार ते गुरुवार नऊच्या आसपास जा. मासे सोमवारी घेऊ नका. रविवारी बोटी जात नाहीत, त्यामुळे बरेच गाळे बंद असतात आणि जे उघडे असतात त्यांच्याकडे ताजं थोडंच.

रांग दिसत नाही, पण असते. लोक गाळ्यापुढे वाटेल तसे उभे दिसतात. आपण पोचल्यावर मोठ्याने विचारायचं, ‘कियेन एस एल उल्तिमो?’, शेवटचा कोण? कुणीतरी हात वर करतं. ती व्यक्ती लक्षात ठेवायची, तिच्यानंतर आपला नंबर. मग तुम्ही शेवटचे झालात, पुढच्याने विचारलं की तुम्ही हात वर करायचा. एवढं पाळलंत की आजीबाई लगेच आपलं मानतात. न विचारता पुढे सरकलात तर बोलणी बसतात आणि ती रास्तच आहेत.

फळांना हात लावायचा नाही. विक्रेता निवडून देतो. आज खायचं की परवा, एवढं सांगा: ‘पारा ओई’ आजसाठी, ‘पारा पासादो मान्याना’ परवासाठी. सुपरमार्केटमध्ये स्वतः घेता येतं, पण तिथे ठेवलेला प्लास्टिकचा हातमोजा घालून.

कोथिंबीर हा आपल्या लोकांचा ठरलेला घोळ. बाजारात सगळीकडे दिसते ती हिरवी जुडी ‘पेरेखिल’, म्हणजे पार्सली. ती दिसते कोथिंबिरीसारखी, वास वेगळा, आमटीवर घातली की सगळं फसतं. ‘सिलान्त्रो’ हे नाव घेऊन मागा. कढीपत्ता, तूरडाळ, पोहे यांसाठी रुसाफा भागातली भारतीय-पाकिस्तानी दुकानं पाहा. आणि पायेया या इथल्या भातात घालतात ते मोठे पांढरे दाणे, ‘गारोफो’, म्हणजे आपली डबल बी. सुकी मिळते. रात्रभर भिजवून उसळ करा, चव घरची येते.

फळांचा हंगाम धरून चाला. ऑक्टोबरच्या सुमाराला क्लेमेन्टाइन सुरू होतात, नोव्हेंबरपासून नाव्हेल संत्री, वसंतात वालेन्सिया लेट. ‘दे मेसा’ म्हणजे खायची, ‘दे सूमो’ म्हणजे रसाची. रसाची लहान, स्वस्त आणि दिसायला ओबडधोबड असतात. जास्त रस हवा असेल तर तीच घ्या. काकी हे फळ पाटीवर ‘पेर्सिमोन’ लिहिलेलं असेल तर सफरचंदासारखं कडक असतानाच चिरून खायचं, त्याचा तुरटपणा आधीच काढलेला असतो. तसं लिहिलेलं नसेल तर अगदी लिबलिबीत होईपर्यंत थांबा, नाहीतर जीभ आकसते. रस्त्याकडेच्या झाडांची सुंदर संत्री मात्र तोडू नका. ती शोभेची, कडू जात आहे.

मासे खाणाऱ्यासाठी: ‘बोकेरोन’ मांदेलीच्या कुळातला, तिच्यासारखाच तळता येतो. ‘काबाया’ बांगड्याच्या जवळचा. ‘मे लो लिंपिया?’ विचारलं की साफ करून देतात, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. मे ते ऑगस्ट, म्हणजे ज्या महिन्यांच्या स्पॅनिश नावात ‘र’ नाही त्या महिन्यांत, ‘क्लोचिना’ घ्याच. आपल्या शिनाण्यांची लहान भावंडं. किलोभर धुऊन, बाहेर आलेले धागे ओढून काढा. पातेल्यात अर्धं लिंबू फोडी करून, एक तमालपत्र, सात-आठ मिरी. पाणी नाही, मीठ नाही, शिंपल्यांचं स्वतःचं खारं पाणी पुरतं. झाकण ठेवून मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं. उघडले की लगेच उतरवा, अजून दोन मिनिटं ठेवलेत तर रबर होतात. न उघडलेले टाकून द्या. तळाचा रस पावाने पुसून खा, फेकाल तर अर्धी मजा गेली.

चिंचगूळ

वर सगळं छान आलंय. मी फक्त ओर्चाताबद्दल लिहिते, कारण ते घरी करता येतं आणि तुमचं कॉलेज अगदी त्याच्या शेतांना लागून आहे.

ओर्चाता चुफापासून होतं. चुफा म्हणजे लव्हाळ्याच्या जातीच्या गवताचा जमिनीखालचा छोटा कंद, आपल्या नागरमोथ्याच्याच कुळातला, पण गोडसर. शहराच्या उत्तरेला आल्बोराया आणि आसपासच्या गावांत लावतात. उन्हाळ्यात हिरवंगार गवत दिसतं, हिवाळ्याच्या तोंडावर कंद काढतात, धुतात आणि तीन-एक महिने सावकाश वाळवतात. त्यामुळे बाजारात चुफा मिळतो तो सुरकुतलेला, हरभऱ्याएवढा.

एक लिटरसाठी:

चुफा 250 ग्रॅम. भरपूर पाण्यात 12 ते 24 तास भिजवा, पाणी दोन-तीनदा बदला. पहिलं पाणी मातकट निघतं, तेच पेयात गेलं तर मातीचा वास राहतो. तरंगणारे दाणे काढून टाका. कंद फुगून सुरकुत्या गेल्या पाहिजेत. तशाच राहिल्या असतील तर अजून चार तास भिजवा, घाई केली की दूध निघत नाही.

मग अर्धा लिटर बर्फासारख्या थंड पाण्यात मिक्सरमधून काढा. तीस-तीस सेकंदांचे तीन-चार फेरे, मध्ये थांबून. सलग फिरवलं तर भांडं तापतं. मलमलच्या फडक्यातून श्रीखंडाच्या चक्क्यासारखं पिळून घ्या. उरलेला चोथा आणखी अर्धा लिटर पाण्यात पुन्हा फिरवून गाळा. 100 ग्रॅम साखर गाळल्यावर घाला, आधी नाही, कारण चोथ्याबरोबर थोडी निघून जाते. दालचिनीचा तुकडा आणि लिंबाची साल हवी तर तासभर घालून ठेवा. फ्रीजमधल्या सगळ्यात गार खणात ठेवा, पिण्याआधी ढवळा. तळाशी बसतो तो स्टार्च, खराब झालेलं नाही.

मुख्य चूक म्हणजे ‘उकळून ठेवू, टिकेल’. चुफात स्टार्च भरपूर आहे. गरम केलं की त्याची खळ होते आणि पेल्यात आंबील आल्यासारखं वाटतं. कच्चंच प्यायचं आणि दोन दिवसांत संपवायचं. जीभेला किंचित आंबट लागलं की ओतून द्या. यात दूध नाही, त्यामुळे मैत्रिणीला अडचण नाही.

बाहेर प्यायचं तर ‘लिकिदा’ म्हणजे पातळ आणि ‘ग्रानिसादा’ म्हणजे बर्फाळ. सोबत फार्तोन घ्या. हा लांबट, मऊ, वर साखरेचा पातळ थर असलेला पाव. तो एवढा लांब असण्याचं कारणच पेल्यात बुडवणं आहे. एक टोक धरून निम्मा बुडवा, तीन मोजा, बाहेर काढा. पाच मोजलेत तर तुटून तळाशी जातो. फार्तोनमध्ये अंडं असतं, हे सांगून ठेवते. सुपरमार्केटच्या फडताळावरचं बंद खोक्यातलं ओर्चाता उष्णता देऊन टिकवलेलं असतं. त्यावरून मत बनवू नका.

बेनिमाक्लेटहून मेट्रोची 3 नंबरची लाइन थेट आल्बोरायाला जाते. पण सायकल असेल तर बिया चुर्रा या जुन्या रेल्वेमार्गावरच्या वाटेने जा. दोन्ही बाजूंना पाटाचं पाणी, कांदा, आर्टिचोक आणि चुफाची शेतं. संध्याकाळी सहानंतर, उन्हाळ्यात आठनंतर.

पाटकरी

संध्याकाळ आणि गुरुवार दुपार, या दोन वेळा माझ्याकडून.

संध्याकाळसाठी तुरियाचं पात्र. 14 ऑक्टोबर 1957 ला तुरिया नदीला मोठा पूर आला, शहरात माणसं गेली. मग नदीच शहराच्या दक्षिणेला नवं पात्र खणून वळवली. कोरड्या पडलेल्या जुन्या पात्रात मोठा रस्ता करायचा घाट होता. लोक उठले, त्यांची घोषणा होती: ‘तुरियाचं पात्र आमचं आहे आणि ते आम्हांला हिरवं हवंय’. म्हणून आज शहराच्या मधोमध सुमारे नऊ किलोमीटर लांब बाग आहे. ती रस्त्याच्या पातळीखाली असल्यामुळे पुलांखालून सरळ जाता येतं, एकही सिग्नल लागत नाही. पळणाऱ्यांसाठी मऊ मातीची वेगळी वाट आहे, तिच्यावर सायकल घालू नका. सायकलींची वाट वेगळी आखलेली आहे.

वालेनबिसी ही सार्वजनिक सायकल वर्षाच्या वर्गणीवर घ्या. प्रत्येक फेरीची पहिली 30 मिनिटं वर्गणीतच येतात, म्हणून लांब जायचं तर वाटेत एका स्थानकावर लावून दुसरी काढा. काढण्याआधी तीन गोष्टी तपासा: टायर अंगठ्याने दाबून, दोन्ही ब्रेक, आणि आसन घट्ट बसतं का. लावताना जागेवर अडकल्याची खूण दिसेपर्यंत हात सोडू नका. नीट न अडकलेली सायकल तुमच्याच नावावर चालू राहते. उन्हाळ्याच्या दुपारी समुद्राजवळची स्थानकं भरलेली असतात. किनाऱ्यावर जायचं असेल तर बेनिमाक्लेटहून 4 नंबरची ट्राम सोपी. सायकल चालवताना कानात इयरफोन घालणं स्पेनमध्ये बेकायदा आहे आणि दंड होतो.

आता गुरुवार. कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दारात दर गुरुवारी बरोबर बाराला पाणी न्यायालय भरतं. तुरियाच्या आठ पाटांचे निवडून दिलेले शेतकरी काळ्या झग्यांत गोल बसतात. हुजऱ्या एकेका पाटाचं नाव पुकारून विचारतो, तक्रार आहे का. असेल तर जागच्या जागी तोंडी सुनावणी, वालेन्सियाच्या भाषेत, आणि निकाल. वकील नाही, कागद नाही. 2009 पासून हे युनेस्कोच्या अमूर्त वारशात आहे. धुळे जिल्ह्यातली पांझरा नदीवरची फड पद्धत ज्यांना माहीत आहे, त्यांना इथे उभं राहिल्यावर सगळं ओळखीचं वाटेल. पाणी कुणाचं किती, हे वापरणाऱ्यांनीच ठरवायचं आणि पाळायचं. पावणेबाराला पोचा. बहुतेक गुरुवारी तक्रारच नसते, मग सगळं काही मिनिटांत आटोपतं आणि बाराला पाच कमी असताना कॉफी मागवणारे चुकतात.

शिनाणे

पाटकरींनी पुराचं लिहिलंय म्हणून एक जोडते. नवं पात्र शहराला वाचवतं, पण त्याच्या दक्षिणेची गावं 29 ऑक्टोबर 2024 च्या पुरात उद्ध्वस्त झाली, फार माणसं गेली. शरद ऋतूत हवामान खात्याचा लाल इशारा आला की सगळी सुखं बाजूला ठेवायची. मोबाइलवरचे आपत्ती इशारे बंद करू नका, तळघरातल्या पार्किंगमध्ये जाऊ नका, कोरड्या ओढ्याच्या काठाने घरी येऊ नका. तिथे पाऊस पडत नसला तरी वरून लोंढा येतो.

बेनिमाक्लेटकर

बरोबर, हे सांगायलाच हवं होतं.

खोलीबद्दल राहिलं होतं. घर बघायला दुपारी बाराला जा आणि ऊन कुठल्या खिडकीतून येतं ते पाहा. इथल्या बऱ्याच जुन्या घरांत हिवाळ्यात उष्णतेची सोय नसते, फरशी गार आणि हवा दमट. जानेवारीत घरात स्वेटर घालावा लागतो आणि त्याच वेळी बाहेर बाकावर उन्हात बसलं तर तो काढावा लागतो. दक्षिणेची खिडकी मिळाली तर भाडं वीस युरो जास्त असलं तरी घ्या. कपडे अकरा ते तीन याच वेळात वाळत घाला, नंतर दव धरतं.

उन्हाळ्यात खिडकीबाहेरचा गुंडाळपडदा, ‘पेर्सियाना’, नीट वापरा. सकाळी दहापर्यंत घराच्या दोन्ही बाजू उघड्या ठेवून वारा खेळू द्या, मग उन्हाच्या बाजूचा पडदा चार बोटं फट ठेवून खाली आणि आतली काच बंद. सूर्य मावळला की सगळं उघडा. पट्टा स्वतःकडे नको, भिंतीला समांतर सरळ खाली ओढा. तिरका ओढला की कडेला घासून तुटतो आणि घरमालक अनामतीतून कापतो. पश्चिमेचा कोरडा वारा, ‘पोनिएंते’, सुटला तर मात्र रात्रीही खिडक्या उघडू नका. त्या दिवशी गोधडी धुऊन टाका, तासाभरात वाळते.

अडकित्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. चुफा इथून निघण्याआधी कुठे मिळतो का बघतो. आणि पाटकरी, गुरुवारी बाराला माझं लेक्चर असलं तर?

पाटकरी

मग सुट्टीतला गुरुवार पकडा, पण सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी न्यायालय भरत नाही. कॉलेजला सुट्टी आणि शहराला नाही, असा गुरुवार वेळापत्रकात शोधा. रविवार मोकळा असेल तर ललित कला संग्रहालय पाहा. प्रवेश फुकट आहे आणि तिथे वेलास्केस या चित्रकाराने काढलेलं स्वतःचंच व्यक्तिचित्र आहे. बेनिमाक्लेटहून पायी जाता येतं. फक्त सोमवारी जाऊ नका, बंद असतं.